आत्याबाईंची गूळतुला

लग्न होऊन मी सांगलीहून कृष्णाकाठच्या त्या गावात गेले, तेव्हा माझ्याबद्दल गावाचं एकमत व्हायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. सुभेदारानं सून आणली नाही, उदबत्ती आणली, असं ठरलं. मी दारात उभी होते, हळदीचं अंग, डोक्यावर पदर, आणि ओट्यावरच्या बायका मला नीट ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजत होत्या.

"पोरीला म्हायेरी जेवाय घालत न्हवते का काय गं?"

माझा राग तेव्हाही नाकाच्या शेंड्यावर असायचा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या सासूबाई उंबऱ्यावरचं माप सरळ करता करता म्हणाल्या, "माझ्या सुनंचं हाड बारीक हाय, माझं जाड हाय. दोन्ही देवानंच केल्यात. आता तोंडं मिटा आन् तिला वाट द्या."

वाट खरं तर त्यांनीच अडवली होती, कारण त्या दारात उभ्या राहिल्या की दार भरून जायचं. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या पक्षात गेले ती गेलेच. पुढं आयुष्यभर मी त्यांना आत्याबाई म्हणाले आणि त्यांच्या सगळ्या लबाड्यांत हौसेनं भाग घेतला.

आत्याबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. अंगानं भरघोस, दंड माझ्या मांडीएवढे, आणि हसल्या की आधी पोट हसायचं, मग तोंड. जाड माणूस सुस्त असतो असं ज्याला वाटतं त्यानं त्यांना वैरणीचा भारा उचलताना बघायला हवं होतं. पहाटेपासून त्यांचा पाय जमिनीला ठरत नसे. गुऱ्हाळ सुरू झालं की त्या दिवसातून कितीतरी वेळा मळ्यात जायच्या, यायच्या, आणि दर खेपेला डोक्यावर काहीतरी असायचंच.

त्यांच्या उलट मामंजी, म्हणजे माझे सासरे. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आलेले, वेताच्या काठीसारखे ताठ आणि तेवढेच रुंद. ते फौजेतून सुटले होते, पण फौज त्यांच्यातून सुटली नव्हती. पहाटे खाकी अर्धी चड्डी घालून अंगणात कवायत करायचे आणि एकेका आकड्याला शेजारचं कुत्रं भुंकायचं. आमचे हे फौजेतच होते, सरहद्दीवर कुठंतरी. त्यामुळं घरात आम्ही तिघंच, आणि हुकूम सोडायला मामंजींना आम्ही दोघीच.

माझ्या लग्नानंतरच्या थंडीत आत्याबाईंच्या गुडघ्यांनी दावा मांडला. चुलीपुढून उठताना त्या तेहतीस कोटींपैकी बऱ्याच जणांना हाका मारायला लागल्या. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा आणि रोज मोकळं चाला. आमच्या भावकीतल्या थोरल्या आजींनी मात्र निराळं निदान केलं. या आजी म्हणजे गावाची न नेमलेली न्यायाधीश. त्या आमच्या ओट्यावर बसून तंबाखू चोळत म्हणाल्या, "गुडघ्याला काय झालं न्हाई. नवस फेडला न्हाई तुमी. देव आठवण करून देतोय."

नवस खरा होता. आत्याबाई तरुण असताना विषमज्वरानं अगदी जायला निघाल्या होत्या. मामंजी तेव्हा रजेवर आलेले. बायको वाचली तर तिला गुळानं तोलीन, असं ते गावदेवाला बोलले. आमच्याकडं हा रिवाज होताच. देवळात मोठी तागडी टांगायची, एका पारड्यात माणूस बसवायचं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि तोललेला गूळ प्रसाद म्हणून घरोघर वाटायचा. आत्याबाई वाचल्या. मामंजी पलटणीत परत गेले. मग दर जत्रेला पुढच्या जत्रेचा वायदा होत गेला आणि लोकांना वाटत राहिलं की सुभेदाराला रजा मिळत नाही.

खरी गोष्ट आत्याबाईंनी मला विहिरीवर धुणं धुताना सांगितली. रजा मिळायची. त्याच दर वर्षी काहीतरी काढायच्या. कधी म्हैस व्यायला झाली, कधी नणंदेच्या घरी आष्ट्याला लग्न.

"नवसाचं भ्या न्हाई गं मला," त्या लुगडं पिळत म्हणाल्या. "त्या पारड्यात बसायचं. समदं गाव भवतीनं. आन् ढेपा चढत जात्यात, चढत जात्यात, आन् म्या आपली खालीच. लोक हसतील. म्या मरून जाईन."

सगळ्या गावाला धाकात ठेवणारी ही बाई, आणि हिला कशाचं भय, तर एका तागडीचं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. फार वाईट वाटलं.

मामंजींनी दोन्ही निदानं एकदम मान्य केली आणि तिथंच घोळ झाला. त्यांचं म्हणणं, आधी डॉक्टरचं ऐकू, वजन उतरवू. मग चैत्रातल्या जत्रेला देवाचं ऐकू, तुला करू. हे त्यांनी अगदी मोहीम आखल्यासारखं सांगितलं. यात काही वावगं आहे हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मोहिमेची सुरुवात साताऱ्याच्या एसटी स्टँडवर झाली. पेन्शनच्या कामाला गेलो असताना तिथं एक वजनाचं यंत्र होतं, रंगीत दिव्यांचं, आत चाक गरगर फिरणारं. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट यायचं, एका अंगाला वजन आणि दुसऱ्या अंगाला भविष्य. मामंजींनी आत्याबाईंना गोड बोलून त्यावर उभं केलं. यंत्र धडधडलं, दिवे लागले, भोवती चार रिकामटेकडे जमले, आणि खणकन तिकीट पडलं. मामंजींचा हात पुढं व्हायच्या आत आत्याबाईंनी ते उचललं, तोंडातल्या विड्याबरोबर गालात सारलं आणि शांतपणे चावायला लागल्या.

"किती भरलं?" मामंजी.

"भविष्य चांगलं हाय म्हन्तंय," आत्याबाई म्हणाल्या आणि गाडीकडं चालू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात शिट्टी वाजायला लागली. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून आत्याबाई उभ्या, समोर मामंजी. "हाथ ऊपर! हाथ नीचे!" हात वर गेले की आत्याबाईंच्या बांगड्या खळ्ळकन कोपरापर्यंत यायच्या आणि हात खाली आले की परत मनगटावर, त्यामुळं सगळ्या आळीला कवायत ऐकू जायची. मी भाकरी थापता थापता दारातून बघायची. तिसऱ्या दिवशी कुंपणाला प्रेक्षक लागले. थोरल्या आजी पुढच्या रांगेत.

"सुभेदार, बायकूला चीनवर धाडतोस का काय रं?"

आत्याबाईंनी तिथंच हात खाली सोडले. "भाकरी करपतीया," म्हणाल्या आणि आत आल्या. भाकरी काही करपत नव्हती. त्यांचे डोळे भरले होते. मला मामंजींची शिट्टी चुलीत घालावीशी वाटली.

दुसरी आघाडी ताटावर होती. मामंजींचा न्याय असा, की घरात एक जास्त आहे आणि एक कमी, तर रसद इकडची तिकडं करायची. त्यांचं जेवण उरकलं की ते स्वतः आमची ताटं वाढून द्यायचे. आत्याबाईंना अर्धी भाकरी, माठाची भाजी आणि पाणीदार ताक. मला दोन भाकऱ्या, तुपाचा गोळा, गूळ, वर पेलाभर म्हशीचं दूध. मला ते बघूनच मळमळायचं. गुऱ्हाळ असलेल्या घरात आत्याबाईंना गुळाची बंदी, म्हणजे विचार करा.

ताटं मांडून मामंजी सोप्यात गेले, की आत्याबाई मला खूण करायच्या. ताटं जागेवरच राहायची, आम्ही पाट बदलायचो.

"तुला येवढं जात न्हाई, मला तेवढं पुरत न्हाई," त्या तुपात भाकरी बुडवत म्हणायच्या. "ज्येचं त्येला ठावं. दुसऱ्याच्या पोटाचा हिशेब सुभेदारानं कशाला ठेवायचा?"

मी अर्धी भाकरी खाऊन आणि ताक पिऊन तरतरीत असायची. मला तेवढंच लागायचं, अजूनही तेवढंच लागतं. मामंजी मात्र मधूनच आम्हा दोघींकडं लांबून बघायचे, कपाळाला आठी घालायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "आजून फरक दिसंना." आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून आत पळायचो.

चालणं मात्र आम्हाला चुकवता आलं नाही. डॉक्टरांनी मोकळं चाला म्हटलं होतं, आणि मामंजींनी मोकळं म्हणजे रिकाम्या हातानं, हात हलवत, असा अर्थ लावला. आत्याबाईंना हे पटेना. दिवसभर मी काय खाटेवर असते का, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून मोठा. आमच्याकडं बाई रिकाम्या हातानं भरभर चालली की लोकांना एकच वाटतं. पहिल्याच सकाळी पाणंदीत समोरून आलेल्या बाईनं छातीला हात लावून विचारलं, "कोण गेलं ओ?"

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी कमरेवर घागर घेतली. रिकामी घागर. ती घेऊन आम्ही नदीच्या अंगानं गुऱ्हाळापर्यंत जायचो आणि तशीच रिकामी घेऊन परत यायचो. मामंजी पुढं, छाती काढून. मागं आत्याबाई. त्यांच्या मागं धापा टाकत मी, कारण गंमत अशी झाली, की डोक्यावर ओझं नसलं की आत्याबाईंची चाल मला झेपत नव्हती. आणि मामंजी? ते पुढं असायचे खरे, पण त्यांच्या बुटाची नाडी फार सुटायची. दर थोड्या अंतरावर दगड बघून बसायचे आणि बराच वेळ नाडी बांधायचे. साठी त्यांना लागली होती. फक्त त्यांच्याकडं बूट होते, म्हणून सबब होती.

एका सकाळी घागर घरीच राहिली. विसरल्या की मुद्दाम ठेवली, मला माहीत नाही. नदीच्या बांधावर आल्यावर त्यांनी दोन्ही हात जरा लांब केले, हलवून पाहिले, आणि म्हणाल्या, "सूनबाई, जन्मात कवा अशी चालले न्हवते बघ. काय आणायचं न्हाई, कुठं टाकायचं न्हाई. लय बरं वाटतंया गं."

त्या दिवसापासून आम्हाला उठवायला शिट्टी लागली नाही. आत्याबाईच आधी उठून दारात उभ्या असायच्या. महिन्याभरात चुलीपुढून उठताना देवांना हाका कमी झाल्या. अंग जसंच्या तसं, तुपाचा गोळा जसाच्या तसा, पण गुडघे निवळले.

आणि मग जत्रा तोंडावर आली. देवळाच्या पारावर सगळी बसलेली असताना थोरल्या आजींनी मामंजींना हाक मारली.

"सुभेदार, तू फौजेत हुतास म्हून येवढं दिस काय बोलले न्हाई. पर तू देवाचा गूळ चोरतोयस."

पारावरची माणसं पुढं सरकली.

"बोलून बसलास तवा देवानं ऐकलं. आता तोलायची येळ आली तर बायकूला वाळवतोयस. रोज दामटून चालवतोस, तूप बंद केलंस. जेवढं तिचं मांस उतरलं तेवढा गूळ तुझ्या घरात ऱ्हायला. देवाच्या वाटणीचा न्हवं त्यो?"

मामंजी काहीतरी बोलायला गेले, पण पारावरची माणसं माना डोलावत होती. गुरवानं खाली बघितलं. एक जण तर हळूच म्हणाला, "आन् परसाद बी कमी ईल की." त्या गावात मामंजींच्या शब्दाला वजन होतं, पेन्शनीपेक्षा त्यांना त्याचीच ऐट होती. बायकोच्या तब्येतीच्या नावाखाली सुभेदार गूळ वाचवतो, हे ऐकून ते घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"पीटी बंद," त्यांनी जाहीर केलं. "आजपास्नं दोन टाइम शिरा. तूप मोकळं. सूनबाई, हिला दूध दे."

"खायाचं ते म्या खातेच," आत्याबाई म्हणाल्या. मी घाईघाईनं चुलीत फुंकर घातली. "आन् चालणं म्या थांबवणार न्हाई. तुमी सुरू केलं, तुमच्या सांगण्यावरनं बंद हुणार न्हाई. माझं गुडघं हाईत."

"आगं, वजन उतरलं तर लोक मला चोर म्हन्तील!"

मग त्या माणसानं, ज्यानं आयुष्यात सरकारी साबणाची वडीसुद्धा घरी आणली नव्हती, आवाज खाली आणून सुचवलं, की तुलेला बसताना ओटीत नारळाखाली वरवंटा ठेवावा. लुगड्यात दिसायचा नाही.

आत्याबाईंनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "एक ढेप कमी न्हाई, एक ढेप जास्त न्हाई. म्या हाय तेवढी हाय. बसायचं तर तेवढीच बसन." बोलायला बोलल्या, आणि मामंजी सोप्यात गेल्यावर माझा हात घट्ट धरून बसल्या. "हसतील गं," एवढंच म्हणाल्या.

जत्रेच्या दिवशी देवळाच्या तुळईला गुऱ्हाळावरची तागडी टांगली. साखळ्यांना फळ्या बांधून पारडी केलेली. आत्याबाई हिरवं लुगडं नेसल्या, ओटीत फक्त नारळ, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. त्या बसल्या आणि पारडं धपकन जमिनीला टेकलं. पोरं खिदळली. मामंजी बैलगाडीजवळ ताठ उभे. गाडीत किती ढेपा भरायच्या हे त्यांनीच ठरवलं होतं, कुणाला विचारलं नव्हतं. डोळ्यांना दिसत नसलं तरी एवढा घाम गाळून घेतलाय म्हणजे बायको नक्की उतरली असणार, या हिशेबानं त्यांनी गाडी भरली होती. ताटांची अदलाबदल त्यांना ठाऊक नव्हती.

गुरव ढेपा ठेवत गेला. आत्याबाईंचं पारडं जमिनीवर. अजून ढेपा. पारडं जमिनीवर. दर ढेपेला गर्दीतून हुंकार यायचा आणि हुंकाराचं हळूहळू हसू होत चाललं. मग गुरवानं गाडीकडं वळून पाहिलं. गाडी रिकामी होती.

"बघा!" थोरल्या आजी म्हणाल्या. "म्या म्हनलं न्हवतं?"

आता सगळेच हसायला लागले. वाईट मनानं नव्हे, जत्रेत हसतात तसं, पण हसू ते हसूच. ज्या एका क्षणाला आत्याबाई इतकी वर्षं टाळत होत्या तो असा समोर उभा होता. मी पदराखालचा त्यांचा चेहरा पाहिला. त्यांनी एक पाय पारड्याबाहेर काढला, जमिनीला टेकवला, हातानं साखळी धरली. त्या उठणार होत्या, आणि पुन्हा कधीच बसणार नव्हत्या. मला वाटलं, आपणच धावत जाऊन हाताला लागेल त्याला झोडपावं.

"जागा सोडायची न्हाई!"

हा मामंजींचा परेडचा आवाज होता. गर्दी चपापली. आत्याबाई होत्या तशा थांबल्या. मामंजी तागडीजवळ आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"हिला मिरजेला दवाखान्यात नेली तवा," ते म्हणाले, "गाडीतनं काढून म्या हातावर घेतली. तर हातात काय हाय का न्हाई, कळंना. लुगडंच लागत हुतं हाताला, बाई लागंना. म्या लढाईत भ्यालो न्हाई, पर तवा भ्यालो. तिथंच उभं राहून देवाला म्हनलं, हिला परत जड कर. माझ्या हातात मावू नये येवढी जड कर. मग गुळाचं बोललो." त्यांना लोकांची लाज वाटत होती आणि तरी ते बोलत होते. "देवानं केली. आन् म्याच गाडव, तिला कमी कराय निघालो. आता ज्येला हसायचं त्येनं हसावं."

कुणी हसलं नाही. थोरल्या आजींनी तंबाखूची चंची उघडली आणि तशीच मिटली. मामंजी वळले आणि बैल जुंपायची वाट न बघता गूळ आणायला घराकडं चालू लागले, भरभर, नाडी न बांधता.

आत्याबाईंनी बाहेर काढलेला पाय आत घेतला. पदर मागं सारला, डोक्यावरूनच खांद्यावर टाकला, आणि पारड्यात ऐसपैस मांडी घातली. डोळे पुसले ते उघडउघड पुसले. त्यांच्या पारड्याला अजून ढेपा लागणार होत्या आणि त्या यायला वेळ होता. तोवर सगळ्या गावासमोर, पारडं जमिनीला टेकलेलं असताना, त्या पहिल्या रांगेतल्या बाईला विचारत होत्या, तिची लेक बाळंतपणाला कधी येणार म्हणून.